भोंगा वाजल्यावर वर जायचं की खाली? नागरी संरक्षणाच्या अधिकाऱ्यांना खुलं पत्र

माननीय अधिकारी महोदय,

स. न. वि. वि.

नागरी संरक्षणाचे आराखडे ज्यांच्या सहीने मंजूर होतात, त्या तुम्हा सर्वांना हे पत्र आहे. ते जाहीरपणे लिहिते आहे, कारण विषय तुमच्या-माझ्यापुरता नाही.

मी रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत परिचारिका आहे. विषारी वायूची गळती होवो, कुणी मुद्दाम रोगजंतू पसरवोत किंवा किरणोत्सारी पदार्थ उघड्यावर येवोत, त्याचे पहिले रुग्ण आमच्याच दारात येणार. म्हणून आमच्या विभागाने अशा आपत्तीच्या आराखड्याची प्रत लेखी मागितली होती. उत्तर आलं ते असं: आराखडा गोपनीय आहे, संबंधितांना योग्य वेळी कळवण्यात येईल. पुढे यथावकाश सराव झाला. भोंगा वाजला, लोक मैदानात जमले, स्ट्रेचरवर झोपवून दोघांना इकडून तिकडे नेलं, फोटो निघाले आणि सराव यशस्वी झाल्याचं जाहीर झालं. रुग्णालयाच्या दारापर्यंत तो सराव आलाच नाही. हे मला गप्प बसून मान्य करता येत नाही.

त्या दिवशी मैदानात जमलेल्यांपैकी कुणालाही विचारा की भोंगा वाजल्यावर इमारतीत वर जायचं की खाली. उत्तर मिळणार नाही, कारण ते कुणी सांगितलेलंच नाही. आणि या प्रश्नाला एकच उत्तरही नाही.

क्लोरीन हवेपेक्षा सुमारे अडीचपट जड असतो. तो जमिनीलगत पसरतो, उतारावरून खाली जातो, खड्ड्यांत आणि तळघरांत साचतो. त्याची गळती झाली तर वरच्या मजल्यावर जायचं, दारं-खिडक्या बंद करायच्या, बाहेरची हवा आत ओढणारे पंखे आणि एसी बंद करायचे, फटींत ओले कपडे कोंबायचे. बाहेर असाल तर वाऱ्याच्या आडव्या दिशेने निघायचं. तळघरात गेलात तर जीव धोक्यात.

अणुस्फोटानंतर खाली पडणाऱ्या किरणोत्सारी धुळीचं नेमकं उलटं आहे. ती छतावर आणि जमिनीवर बसते, म्हणून गच्चीखालचा मजला सगळ्यांत वाईट. तिथे तळघर गाठायचं, नाहीतर जाड भिंतींच्या इमारतीत मधल्या भागात, खिडक्यांपासून लांब बसायचं आणि निदान पहिला दिवस बाहेर पडायचं नाही. त्या धुळीचा जोर झपाट्याने उतरतो. स्फोटानंतर एक तासाने जो मारा असतो, तो सात तासांनी साधारण दहाव्या हिश्शावर येतो आणि दोन दिवसांनी शंभराव्या हिश्शावर. म्हणजे पहिल्या काही तासांत माणूस घरात थांबला की गाडी काढून पळाला, यावर त्याचं पुढचं आयुष्य ठरतं.

एकाच भोंग्याला दोन विरुद्ध अर्थ आहेत, आणि तुमच्या सरावात लोकांना यातलं काहीच न करता उघड्या मैदानात गोळा केलं गेलं. भूकंपानंतर मैदान बरोबर असेल. वायू आणि धूळ या दोन्हींसाठी ती सगळ्यांत चुकीची जागा आहे. हा माझा पहिला आक्षेप, आणि बाकीचे सगळे यातूनच निघतात.

जैविक संकटाला तर भोंगाच नसतो. जंतू पसरले त्या दिवशी कुणालाच काही होत नाही. दोन-चार दिवसांनी, कधी त्याहून उशिरा, ताप आणि धाप घेऊन माणसं वेगवेगळ्या दवाखान्यांत जाऊ लागतात. २००१ साली अमेरिकेत पत्रांतून अँथ्रॅक्स या जीवघेण्या रोगाचे बीजाणू पाठवले गेले, तेव्हा पहिला रुग्ण ओळखला तो फ्लोरिडातल्या एका डॉक्टरने, पाठीच्या कण्यातल्या द्रवाचा नमुना सूक्ष्मदर्शकाखाली बघून. त्या प्रकरणात २२ जण आजारी पडले आणि पाच दगावले. गजर तिथे वाजला तो एका जागरूक माणसाच्या डोक्यात. अशी शंका आली तर रात्री दोन वाजता कुणाला फोन करायचा, हे आज आमच्या विभागात कुठेही लिहिलेलं नाही.

दुसरा आक्षेप गोपनीयतेवर आहे, आणि त्याबद्दल मला सविस्तर बोलायचं आहे, कारण तुमच्या उत्तरातला तोच शब्द मला सगळ्यांत जास्त खुपला.

उताऱ्याच्या औषधांचा साठा कुठे आहे, कुठल्या ठिकाणी किती पहारा आहे, हे गुप्त ठेवा. ते मी विचारणारही नाही. पण संकटात लोकांनी काय करायचं हे लोकांपासूनच लपवण्यात कुठली सुरक्षितता आहे? इतिहास याबाबतीत फार स्पष्ट आहे. १९८४च्या डिसेंबरात, दोन आणि तीन तारखांच्या मधल्या रात्री भोपाळच्या युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून सुमारे ४० टन मिथाइल आयसोसायनेट हा विषारी वायू बाहेर पडला. वस्तीला सावध करणारा भोंगा थोडा वेळ वाजवून बंद केला गेला. झोपेतून उठलेली माणसं वायूच्याच लोटातून धावत सुटली. धावणारा माणूस जास्त श्वास घेतो, म्हणून जास्त वायू घेतो. घरातच थांबून तोंडावर ओलं फडकं धरा, एवढं जरी त्यांना आधी माहीत असतं तरी कितीतरी जण वाचले असते. इस्पितळातल्या डॉक्टरांनाही आपण नेमक्या कोणत्या विषावर उपचार करतो आहोत हे कळत नव्हतं. कॅज्युअल्टीत काम करणारं कुणीही ही हकिगत शांतपणे वाचू शकत नाही.

इटलीत सेवेसोजवळ १० जुलै १९७६ रोजी डायऑक्सिन या घातक रसायनाचा ढग सुटला आणि लोकांना घरं सोडायला सांगेपर्यंत दोन आठवडे उलटून गेले. सोव्हिएत रशियातल्या स्वेर्दलोव्स्कमध्ये १९७९च्या एप्रिलमध्ये लष्करी प्रयोगशाळेतून अँथ्रॅक्स निसटला, निदान ६६ माणसं मेली, आणि दोष दूषित मांसावर ढकलला गेला. खरं कारण मान्य व्हायला १९९२ साल उजाडलं. चेर्नोबिलची अणुभट्टी २६ एप्रिल १९८६च्या मध्यरात्रीनंतर फुटली. शेजारच्या प्रिप्यातमधल्या लोकांना बसमध्ये बसवलं गेलं ते दुसऱ्या दिवशी दुपारी. तोवर मुलं उघड्यावर खेळत होती. जपानमध्ये फुकुशिमाच्या अणुवीज केंद्रातल्या अपघातात, २०११ साली, किरणोत्सारी झोत कुठल्या दिशेने जाईल याचे संगणकी अंदाज सरकारकडे होते. ते वेळेवर जाहीर झाले नाहीत, आणि काही गावांतले लोक जास्त किरणोत्सर्ग असलेल्या दिशेलाच आसऱ्याला गेले.

या सगळ्या ठिकाणी घबराट होऊ नये हेच कारण पुढे केलं गेलं असेल. पण घबराट माहितीने होत नाही, ऐन वेळी काहीच माहिती नसल्याने होते. उलट उदाहरणही समोर आहे. चेर्नोबिलच्या वेळी पोलंडला शेजारच्या सोव्हिएत संघाने काही कळवलं नव्हतं. त्यांच्या स्वतःच्या मोजणी केंद्राने २८ एप्रिलला हवेतला किरणोत्सर्ग पकडला आणि दुसऱ्या दिवसापासून मुलांना आयोडीन पाजायला सुरुवात झाली. काही दिवसांत सुमारे १ कोटी ८० लाख मात्रा दिल्या गेल्या. लोक रांगेत उभे राहिले आणि औषध घेऊन घरी गेले.

सेवेसोनंतर युरोपने १९८२ साली नियमच केला की धोकादायक कारखान्याच्या आसपासच्या लोकांना अपघातात काय करायचं ते सांगितलंच पाहिजे. भोपाळनंतर १९८६ साली अमेरिकेने परिसरात कोणती रसायनं साठवली आहेत हे जाणून घेण्याचा हक्क कायद्यात घातला. स्वित्झर्लंडमध्ये दर वर्षी फेब्रुवारीच्या पहिल्या बुधवारी देशभर भोंगे तपासतात. सर्वसाधारण इशाऱ्याचा आवाज वेगळा, धरणाच्या पाण्याचा वेगळा, आणि कोणता ऐकू आल्यावर काय करायचं हे लोकांना ठाऊक असतं. अणुवीज केंद्रापासून ५० किलोमीटरच्या आतल्या घरांत तिथे आयोडीनच्या गोळ्या आधीच पोहोचवलेल्या असतात. यातल्या एकाही गोष्टीने कुठल्या शत्रूला काही मदत झाल्याचं मी ऐकलेलं नाही.

तिसरा आक्षेप माझ्या कामाच्या जागेचा आहे.

काही वर्षांपूर्वी पाणी शुद्ध करण्याच्या एका ठिकाणी क्लोरीनच्या सिलिंडरची गळती झाली. फोन यायच्या आधी माणसं आली, मिळेल त्या गाडीने, काही चालत. डोळे लाल, खोकून वाकलेली. वायू कोणता ते आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. कपड्यांना येणाऱ्या वासावरून आम्ही ओळखलं. तो वास त्यांच्याबरोबर वॉर्डात आला आणि टेबलाशी बसलेल्या सिस्टरला खोकला सुरू झाला. कपडे दाराबाहेरच उतरवायला हवे होते. पण दाराबाहेर पडदा नव्हता, पाण्याचा नळ नव्हता, बदलायला कपडे नव्हते. एका वयस्कर बाईंनी अंगावरचं वस्त्र दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवलं होतं. "सगळ्यांसमोर कशी काढू, बाई?" असं त्या खोकत खोकत विचारत होत्या. आम्ही दोघींनी चादर धरून आडोसा केला, तिसरीने कात्रीने कपडे कापले आणि प्लास्टिकच्या पिशवीत बांधले. तेवढ्यात त्यांच्यामागे आणखी माणसं येऊन उभी राहिली होती.

बाहेरचे कपडे उतरवले की अंगावरचं बहुतांश रसायन किंवा किरणोत्सारी धूळ निघून जाते. अनेक मार्गदर्शिका हे प्रमाण ८० ते ९० टक्क्यांपर्यंत धरतात. त्यानंतर भरपूर पाणी आणि साबण. एवढं स्वस्त आणि एवढं परिणामकारक दुसरं काही नाही. त्यासाठी लागतो तो पडदा, नळ, पिशव्या, जुने स्वच्छ कपडे आणि स्त्रिया-पुरुषांसाठी वेगळी जागा. लाज वाटणार हे आराखडा करणाऱ्याने आधीच धरून चालायला हवं, कारण लाजेपायी माणसं कपडे काढत नाहीत आणि विष अंगावर वागवत बसतात.

टोकियोत २० मार्च १९९५ रोजी भुयारी रेल्वेच्या पाच गाड्यांत सरीन हा मज्जासंस्थेवर घाला घालणारा विषारी वायू सोडला गेला तेव्हा हेच मोठ्या प्रमाणावर घडलं. पाच हजारांहून अधिक लोक रुग्णालयांत गेले, आणि त्यांतले बहुसंख्य रुग्णवाहिकेने गेलेच नाहीत. सेंट ल्यूक्स या एकाच रुग्णालयात पहिल्या दिवशी ६४० जण पोहोचले. विष सरीन आहे हे जाहीर व्हायला सुमारे तीन तास लागले. रुग्णांचे कपडे बदलून घ्यायची सोय नव्हती. नंतर केलेल्या पाहणीत तिथल्या २३ टक्के कर्मचाऱ्यांनी स्वतःलाही त्रास झाल्याचं सांगितलं. हवा खेळती नसलेल्या प्रार्थनागृहात रुग्ण ठेवले होते, तिथल्या कर्मचाऱ्यांना सर्वांत जास्त. ही माहिती इतकी वर्षं जगासमोर आहे. तरीही तुमच्या सरावात रुग्ण नेहमी रुग्णवाहिकेतूनच, क्रमाने, आधी धुऊन-पुसून येतात असं गृहीत धरलेलं असतं. खऱ्या दिवशी ते धावत येतील आणि आमचा हात धरतील.

किरणोत्सर्गाचं तर आम्हाला दिसणारही नाही. ब्राझीलमधल्या गोयानियात १९८७च्या सप्टेंबरात एका सोडून दिलेल्या दवाखान्यातून उपचारयंत्राचा किरणोत्सारी सीझियम-१३७ असलेला भाग भंगारात गेला. अंधारात चमकणारी निळी पूड म्हणून लोकांनी ती घरी नेली, अंगाला लावली. आजारी पडलेल्यांना आधी संसर्गाचे रुग्ण समजलं गेलं. मोजणी यंत्र घेऊन एक भौतिकशास्त्रज्ञ तिथे पोहोचला तेव्हा कुठे उलगडा झाला, आणि तोवर दोन आठवड्यांहून जास्त काळ गेला होता. चार माणसं मेली, २४९ जणांच्या अंगावर किंवा अंगात किरणोत्सारी पदार्थ सापडला, आणि एका लाखाहून जास्त लोकांना स्टेडियममध्ये बोलावून तपासावं लागलं. आमच्या विभागात मोजणी यंत्र नाही. ते कुठून मागवायचं हेही आम्हाला माहीत नाही.

चौथी गोष्ट खरेदीची. मास्क आणि पोशाख विकत घेतल्याच्या बातम्या येतात, ते वापरायला शिकवल्याच्या येत नाहीत. १९९१च्या आखाती युद्धात इस्राएलमध्ये घरोघरी मास्क आणि अट्रोपिनची, म्हणजे सरीनसारख्या विषावरच्या उताऱ्याची, इंजेक्शनं वाटली होती. मास्क चुकीचा लावल्याने काही माणसं गुदमरून मेली, आणि दोनशेहून जास्त लोकांना विनाकारण टोचून घेतलेल्या अट्रोपिनपायी उपचार घ्यावे लागले, आणि तेही ज्या क्षेपणास्त्रांत रासायनिक विष नव्हतंच त्यांच्या भीतीने. आयोडीनच्या गोळीचंही तसंच. ती फक्त किरणोत्सारी आयोडीनपासून फक्त गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीला वाचवते, लहान मुलांना आणि गरोदर स्त्रियांना तिची सर्वांत जास्त गरज असते, आणि वेळ टळून गेल्यावर तिचा उपयोग उरत नाही. सगळ्या किरणोत्सर्गावरचं औषध म्हणून लोक ती घेणार असतील तर ते गोळी घेऊन बिनधास्त बाहेर पडतील.

आणि ज्यांना पळताच येत नाही त्यांचं काय? फुकुशिमाच्या परिसरातली रुग्णालयं आणि वृद्धाश्रम घाईघाईत रिकामे केले गेले, तेव्हा पन्नासच्या आसपास रुग्ण आणि वृद्ध त्या हलवाहलवीत किंवा लगेच नंतर दगावले. किरणोत्सर्गाने नव्हे, बसमधल्या तासन्‌तासांच्या प्रवासाने, थंडीने, औषधपाण्याविना. काही वेळा जागेवरच ठेवून खिडक्या बंद करणं हाच योग्य निर्णय असतो. तो कुणी घ्यायचा? व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाशेजारी उभ्या असलेल्या परिचारिकेने? ऐकू न येणाऱ्याला भोंगा कसा कळणार, हेही कुठल्या सरावात मी पाहिलेलं नाही.

मोबाइलवर संदेश पाठवू, असं तुम्ही म्हणाल. जरूर पाठवा. पण अमेरिकेच्या हवाई बेटांवर १३ जानेवारी २०१८च्या सकाळी क्षेपणास्त्र येत असल्याचा चुकीचा संदेश गेला आणि तो चुकीचा असल्याचं त्याच मार्गाने कळवायला ३८ मिनिटं लागली. त्या वेळात आईबापांनी मुलांना गटारांच्या झाकणाखाली उतरवण्याचा प्रयत्न केला. संदेश कोण पाठवणार, रद्द कोण करणार, आणि नेटवर्क बंद पडलं तर पुढे काय, हे ठरलेलं नसेल तर संदेशाची सोय असून नसल्यासारखी.

आता मागण्या.

धोक्याच्या प्रकारानुसार काय करायचं याचं एक पानी पत्रक काढा: वायू असेल तर काय, किरणोत्सारी धूळ असेल तर काय, संशयास्पद पूड किंवा पाकीट सापडलं तर काय. सोप्या भाषेत, चित्रांसह, शाळांत आणि इमारतींच्या दारांत लावलेलं. भोंग्याचे आवाज वेगळे करा, ठरलेल्या दिवशी दर वर्षी वाजवा, आणि भोंग्यापाठोपाठ ‘वर जा’ किंवा ‘खाली जा’ असं माणसाच्या आवाजात सांगणारी सोय करा.

आराखड्याचा जाहीर करण्याजोगा भाग जाहीर करा. जो भाग गुप्त ठेवायचा तो का गुप्त ठेवला, याचं एका ओळीचं कारण द्या.

कुठल्या कारखान्यात, गोदामात, शीतगृहात कोणतं घातक रसायन किती आहे आणि त्यावर उपचार काय, याची यादी जवळच्या प्रत्येक कॅज्युअल्टीत छापील स्वरूपात द्या आणि ती अद्ययावत ठेवा. गळती झाली की रसायनाचं नाव रुग्णालयाला कळवण्याची जबाबदारी एका पदावर टाका. पद लिहा, फोन नंबर लिहा, रात्रीचाही.

रुग्णालयाच्या दाराबाहेर कपडे उतरवण्याची आणि अंघोळीची आडोशाची जागा उभारा. किरणोत्सर्ग मोजण्याचं यंत्र द्या आणि ते वापरता येणारी माणसं प्रत्येक पाळीत असतील असं बघा. सफाई कामगार, वॉर्डबॉय आणि दारावरचे सुरक्षारक्षक यांना प्रशिक्षणातून वगळू नका. धावत आलेल्या रुग्णाला सर्वांत आधी हात लावतात ते हेच.

खाटेवरच्या, व्हीलचेअरवरच्या आणि ऐकू न येणाऱ्या माणसांसाठी वेगळी योजना लिहून काढा, आणि ती लिहिताना त्यांना समोर बसवा.

सराव आगाऊ न कळवता घ्या, रात्री घ्या, आणि रुग्णालयाच्या दारापर्यंत आणा. सरावात काय चुकलं ते जाहीर करा. ज्या सरावात काहीच चुकलं नाही असा अहवाल येतो, त्यावर माझा विश्वास बसत नाही.

आमच्या विभागातल्या आम्ही परिचारिका अशा प्रशिक्षणाला आमच्या सुट्टीच्या दिवशी यायला तयार आहोत, इतरांना शिकवायलाही तयार आहोत. प्रशिक्षण कधी, कुठे आणि कोण देणार, एवढं कळवा. पत्रकाचा मसुदा तयार करायला मदत लागली तर तीही करू. आराखड्याच्या प्रतीसाठीचा आमचा अर्ज तुमच्या कार्यालयात आहे. त्याचा नव्याने विचार करून लेखी उत्तर द्यावं, ही विनंती.

आपली विश्वासू,
कॅज्युअल्टीतील एक परिचारिका